तीन जोड्या ब्लेड, तरी काच धुरकट

गाडी २००६ची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक, मीटरवर ८१ हजार किलोमीटर. पहिल्यापासून एकच मालक. ते पुण्यात सहकारनगरात राहतात, वय सत्तरीच्या पुढे. गाडी सोसायटीच्या आवारात उघड्यावर, एका गुलमोहराच्या आणि एका पर्जन्यवृक्षाच्या मध्ये उभी असते. आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी बाहेर पडते आणि अधूनमधून भोरला गावी जाते. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ते लिहिलं की बाकीच्या गाड्यांचे मालक ‘आपलं नाही हे’ म्हणून पान उलटतात. खरं तर टोकाला आकड्यासारखा हुक असलेला वायपर आर्म, म्हणजे ब्लेड धरणारा हात, ज्या ज्या जुन्या गाडीला आहे, तिथे यातलं बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

तक्रार अशी की दोन वर्षांत ब्लेडच्या तीन जोड्या झाल्या, तरी पावसात समोरचं धड दिसत नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं ब्लेड वर जाताना गुपचूप जातं आणि खाली येताना थडथडतं. ते पुढे गेलं की मागे धुरकट पडदा राहतो, क्षणभरात विरतो, तोवर ब्लेड परत येऊन नवा पडदा टाकतं. डाव्या बाजूला ब्लेडच्या मधोमध चार बोटं रुंदीचा पट्टा पुसलाच जात नाही. दिवसा हे खपून जातं. रात्री कात्रजचा बोगदा ओलांडून खेड शिवापूरकडे निघालं, की ट्रकचे दिवे त्या पडद्यावर पसरतात आणि रस्त्याची कड दिसेनाशी होते. काकूंनी शेवटी फर्मान काढलं होतं, की अंधार पडल्यावर पावसात गाडी काढायची नाही.

“अरे, या वेळी चांगल्यातली घेतली. फ्रेमलेस. बाराशे मोजले. याहून महाग काही येत असेल तर सांग, तेही आणतो,” काका म्हणाले.

“काका, ब्लेड राहू द्या. आधी काच बघू.”

“काचेला काय झालंय? रोज पुसून घेतो मी.”

हे रोज पुसणं पुढे महत्त्वाचं ठरणार होतं.

हे काम २०२५च्या मे महिन्यातलं. वळवाने पुण्याला आधीच झोडपायला सुरुवात केली होती. ब्लेड हा वायपरच्या साखळीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सहज बदलता येणारा भाग, म्हणून प्रत्येक दुखण्याचं औषध तोच ठरतो. पण मोटर, मोटरपासून आर्मपर्यंत जाणारे दांडे, आर्म, आर्मची स्प्रिंग, हुक आणि शेवटी काच, यातलं काहीही बिघडलं तरी त्याची खूण ब्लेडच्या कामातच उमटते. दुकानदाराला त्यातलं फक्त ब्लेड विकता येतं. तो त्याच्या जागी बरोबरच असतो.

खुणा

ब्लेड विकत घेण्याआधी पाच मिनिटं काढून काचेवरची खूण बघावी. मदतनीसाला बाहेरून नळीने पाणी मारायला सांगायचं आणि स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं. वायपरच्या फेरीबरोबर कमानीसारखी एकच बारीक रेघ राहत असेल, तर त्या ठिकाणी रबराची धार फाटली आहे किंवा तिथे खडा-माती अडकली आहे. हे ब्लेडचं दुखणं, त्यात वाद नाही. पट्टाच्या पट्टा कोरा राहत असेल, तर तिथे दाब पोचत नाही. ब्लेडमागे धुकं येऊन लगेच विरत असेल, तर काचेवर तेलकट थर आहे आणि नवं रबर तोच थर नव्याने पसरवतं आहे. थडथड दोन्ही दिशांना असेल, तर रबर कडक झालं असेल नाहीतर काच कोरडी किंवा मेणचट असेल. एकाच दिशेला असेल, तर मी ब्लेडकडे बघतही नाही. आधी आर्म बघतो.

एकाच दिशेची थडथड समजायला रबर कसं चालतं ते पाहावं लागतं. रबराची धार काचेवर सरळ उभी नसते. ती थोडी कलते आणि ब्लेडच्या मागून ओढली जाते. ब्लेडने दिशा बदलली की धारही पट्‌कन दुसऱ्या बाजूला कलते. रबराच्या वरच्या भागात एक बारीक मान असते, हे कलणं त्या मानेत होतं. प्रत्येक फेरीत दोनदा. गाडी महिनोन्‌महिने उन्हात एकाच जागी उभी राहिली तर मान एका बाजूला कललेली तशीच बसते, मग एका दिशेला धार ओढली जाते आणि दुसऱ्या दिशेला काचेत रुतत, उड्या मारत जाते. मात्र रबर कोरं असूनही तसंच होत असेल, तर आर्मच पिळलेला असतो. ब्लेड काचेला काटकोनात बसत नाही, धारेला एका बाजूला कलायला जागाच उरत नाही.

काकांच्या गाडीवरचं रबर जेमतेम महिन्याचं होतं. बोटांत धरून वाकवलं तर दोन्ही बाजूंना सारखंच झुकत होतं.

काच

पाणी बंद केलं आणि काच वाळू दिली. मग पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून तळवा काचेवरून फिरवला. उघड्या बोटांना जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. वायपर पोचत नाही त्या वरच्या कोपऱ्यात काच बऱ्यापैकी गुळगुळीत होती. वायपरच्या टप्प्यात मात्र खरखर लागत होती, काचेखालच्या जाळीजवळ तर बारीक पॉलिश-पेपरसारखी. काकांनाही करून बघायला लावलं. त्यांनी दोनदा हात फिरवला आणि काही बोलले नाहीत.

थर तीन प्रकारचे होते. एक, झाडाचा चिकटा. झाडावरच्या किडीचा गोड स्राव खालच्या गाड्यांवर पडतो, त्यावर धूळ बसते, ऊन ते भाजून काढतं. दोन, क्षार. सोसायटीत पार्किंगच्या नळाला बोअरचं पाणी आहे, ते काचेवर वाळलं की पांढरे ठिपके सोडतं. तिसरा थर जरा शोधावा लागला. गाडी पुसणारा मुलगा आतला डॅशबोर्ड चमकवायला सिलिकॉनचं पॉलिश वापरतो आणि त्याच फडक्याने शेवटचा हात काचेवरून फिरवतो. काच लखलखते आणि काका खूश होतात. पावसाचा पहिला थेंब पडेपर्यंत त्यात काही बिघडत नाही.

सफाईचा क्रम महत्त्वाचा. आधी भरपूर पाणी ओतून धूळ उतरवली, मग भांड्यांचा द्रव साबण पाण्यात विरघळवून काच धुतली. चिकटा आणि तेल यातच बरंचसं निघतं. नंतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडकं भिजवलं आणि डागांवर थोडा वेळ दाबून ठेवलं, रंगावर आणि रबरावर ओघळू न देता. ताजे क्षार व्हिनेगरला दाद देतात, वर्षानुवर्षांचे देत नाहीत. जे उरले त्यांच्यासाठी सिरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून नमद्याच्या तुकड्याने हलक्या हाताने घासली. काचकाम करणारे हीच पूड वापरतात. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सिलिकॉनचा राहिलेला अंश काढला. इतकं झाल्यावर पाणी ओतलं, तर ते तुटक ठिपके न करता सलग पसरून खाली उतरलं. काच स्वच्छ झाल्याची मी हीच परीक्षा मानतो. चमक बघून काही कळत नाही.

डाव्या बाजूला नख अडकेल इतका खोल असा एक कमानीसारखा ओरखडा निघाला. पहिल्या जोडीच्या वेळी रबर सरकून ब्लेडबाहेर आलं होतं आणि रबर धरणारा लोखंडी चिमटा काचेवर घासला होता, असं काकांना आठवलं. इतका खोल ओरखडा घासून काढू नये. काढायला गेलं तर काचेत खळगा पडतो आणि त्यातून समोरचं वाकडं दिसतं. तो तसाच राहिला. रबर बदलताना त्याचं खाच असलेलं टोक बंद चिमट्यात नीट अडकलं आहे ना, हे बोटाने ओढून बघितलं असतं तर हा ओरखडा टळला असता. रबर बदलायला पाच मिनिटं लागतात, पुढची काच बदलायला काही हजार रुपये.

हुक आणि आर्म

काच साफ झाल्यावर धुरकट पडदा जवळपास गेला. थडथड तशीच होती, डावा पट्टाही तसाच.

ड्रायव्हरच्या बाजूचं ब्लेड दोन बोटांत धरून आर्मवर डावी-उजवीकडे हलवलं. टक्‌, टक्‌. हुकात ते खुळखुळत होतं. आकडेवाले हुक सर्रास दोन मापांत येतात. पट्टीची रुंदी दोन्हींत ९ मिलिमीटर, जाडी एकात ३ आणि दुसऱ्यात ४. ‘सगळ्या गाड्यांना बसतं’ अशा ब्लेडच्या खोक्यात प्लॅस्टिकच्या तुकड्यांची एक पुडी असते, त्यातून आपल्या हुकाचा तुकडा निवडायचा असतो. या गाडीचा हुक ३ मिलिमीटरचा आणि दुकानात बसवलेला तुकडा ४चा. ब्लेड बसलं, पडलं नाही, गिऱ्हाईक गेलं. खोकं काकांनी जपून ठेवलं होतं (त्या पिढीला खोकी टाकवत नाहीत, याचा मला धंद्यात फार फायदा होतो). बरोबर तुकडा त्याच पुडीत होता. तो लावला आणि टकटक थांबली. थडथड निम्म्याने कमी झाली, गेली नाही.

मग वायपर चालू असताना आर्म अर्ध्यावर आला की किल्ली बंद करून तो तिथेच थांबवला. ब्लेड काढलं आणि आर्मखाली जाड फडकं अंथरलं. हे फडकं विसरू नये. ब्लेड नसलेला आर्म हातातून सुटून काचेवर आपटला, तर स्प्रिंगच्या जोराने काच तडकते. स्टीलची पट्टी हुकाच्या सपाट बाजूला टेकवून बघितली. ती काचेला समांतर असायला हवी, एका टोकाला उघड फट दिसत होती. आर्म काही अंशांनी पिळला होता. फडकं गुंडाळलेला एक पाना आर्मवर धरून आणि दुसऱ्याने टोकाजवळ हलकेच पीळ देऊन तो सरळ केला. एका झटक्यात करायचं नाही. थोडं, मग तपासणं, मग आणखी थोडं.

पिळला कशामुळे, हे ठामपणे सांगता येत नाही. माझा अंदाज त्या रोजच्या पुसण्यावर आहे. गाडी धुऊन झाली हे मालकाला वरूनच दिसावं म्हणून आपल्याकडे गाडी पुसणारे दोन्ही वायपर उभे करून ठेवतात. सकाळी कुठल्याही सोसायटीत अशा वायपर उभारलेल्या गाड्यांची रांग दिसते. आर्म मधोमध धरून उचलला तर त्याला काही होत नाही. घाईत ब्लेडचं टोक धरून वर्षानुवर्षं खेचला तर तो पिळणार. उभे ठेवल्याने स्प्रिंग ढिली पडते असंही सांगतात. मला ते तितकं पटत नाही. मी काळजी करतो ती उभा आर्म कुणाच्या तरी धक्क्याने खाली आपटण्याची.

डावीकडचा पट्टा हे वेगळं प्रकरण निघालं. तिथे प्रवासाची बॅग तोलायचा काटा वापरला. हुकाजवळ अडकवून आर्म काचेपासून किंचित सुटेपर्यंत ओढायचा आणि आकडा बघायचा. माझा ठोकताळा ब्लेडच्या दर सेंटिमीटरला साधारण १५ ग्रॅम. डावं ब्लेड १६ इंची, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर, तेव्हा ६००च्या आसपास हवं. उचलताना काटा ८०० दाखवत होता. बहुतेक जण इथेच थांबतात आणि स्प्रिंग जोरात आहे असं ठरवतात. आर्म हळूहळू खाली सोडताना पुन्हा बघितलं, तर जेमतेम ४००. हा फरक स्प्रिंगचा नाही, बिजागरीचा. ती गंजून जड झाली होती, त्यामुळे काचेने वर ढकललेला आर्म परत खाली बसतच नव्हता. गंज साफ केला, तेलाचे थेंब सोडले आणि आर्म वीसेक वेळा वर-खाली केला. मग उचलताना ६४० आणि सोडताना ५६० आला. स्प्रिंग ठणठणीत होती. नवा आर्म मागवायची गरज पडली नाही.

त्यात फ्रेमलेस ब्लेडची भर होती. लोखंडी सांगाड्याच्या जुन्या ब्लेडमध्ये दाब एका कमानीतून दोन आणि दोनांतून चार असा वाटला जातो, आणि प्रत्येक कमान सांध्यावर हलून काचेच्या वळणाशी जुळवून घेते. फ्रेमलेसमध्ये सांधे नसतात. आतली वाकवलेली स्टीलची पट्टी दाबली गेली की सरळ होत काचेला चिकटते. बॉशने १९९९मध्ये ‘एअरोट्विन’ नावाने ही रचना बाजारात आणली. वेगात वारा तिला उचलत नाही, दिसायलाही ती नेटकी असते, सगळं खरं. पण जुन्या गाड्यांच्या काचा तुलनेने सपाट. जास्त वळणाच्या काचेसाठी वाकवलेली पट्टी तिथे कमी दाबाने बसवली, तर दोन्ही टोकं टेकतात आणि मधला भाग अधांतरी राहतो. काकांचा चार बोटांचा पट्टा तो हाच.

दाबाची ही गोष्ट वायपरच्या जन्माइतकी जुनी आहे. अमेरिकेत मेरी अँडरसन यांनी १९०३मध्ये ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यातही रबर काचेला टेकलेलं राहावं म्हणून वजन लावलेलं होतं.

डिकीतलं ब्लेड

खोकं जपणाऱ्या माणसाच्या डिकीत आधीची जोडीही असणार, असं वाटलंच होतं. होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, साध्या सांगाड्याची, एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढलेली. ‘काच पुसत नाही’ म्हणून काढून टाकलेली. रबर ओल्या फडक्याने पुसलं तर काळं निघालं, धार एका ठिकाणी किंचित कुरतडलेली दिसली. बाकी शाबूत.

ती लावली आणि नळीने पाणी मारलं. ड्रायव्हरच्या बाजूला त्या कुरतडलेल्या जागेची एक बारीक रेघ राहिली. बाकी काच कोरडी. थडथड नाही, डावीकडचा पट्टाही नाही.

“म्हणजे ही वाईट नव्हतीच?” काका म्हणाले.

“नव्हती.”

“आणि हे बाराशे?”

याचं उत्तर मी दिलं नाही. बाराशेची जोडी त्यांच्या मुलाच्या नव्या गाडीला मापात बसते का, ते बघायला सांगितलं.

पहिल्या जोडीचं कोडंही त्यांच्या बोलण्यातून सुटलं. दुकानदाराने १८ इंचाऐवजी २० इंची ब्लेड दिलं होतं, जास्त काच पुसली जाईल म्हणून. जास्त लांबीवर तोच दाब वाटला जातो, म्हणजे दर सेंटिमीटरला कमी मिळतो, आणि वरच्या टप्प्यात टोक काचेच्या कडेच्या खांबाच्या रबराला घासतं. गाडीसोबत आलेलं मापच घ्यावं. पुस्तिका हरवली असेल तर जुन्या ब्लेडचं रबर टेपने मोजावं. बाजारात मापं इंचात चालतात, १४ पासून २६ पर्यंत. सोळा म्हणजे ४०० मिलिमीटर, अठरा म्हणजे ४५०, वीस म्हणजे ५०० धरायचे.

शेवटी बसवली ती नाना पेठेतून आणलेली साध्या सांगाड्याची नवी जोडी, १८ आणि १६ इंची, ओळखीच्या कंपनीची, मिळून साडेपाचशेच्या आत. जुन्या जोडीवरही पावसाळा निघाला असता. पण रात्रीच्या भोर-पुणे रस्त्यावर ती एक रेघ नेमकी डोळ्यांसमोर येत होती. घेताना खोक्यावर बनवल्याचा महिना आणि वर्ष वाचलं. पाकीटबंद मालावर ते छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. मागणी नसलेल्या मापाचं ब्लेड दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहतं आणि रबर खोक्यातही म्हातारं होतं.

जाळीखाली

एक गोष्ट राहिली होती, वेग. इंजिन चालू, काच ओली आणि वायपर जोरात ठेवून मिनिटभराच्या फेऱ्या मोजल्या, त्या ३८ भरल्या. हळू वेगाला २५. अमेरिकेच्या वाहन सुरक्षेच्या १०४ क्रमांकाच्या मानकात जास्त वेगाला मिनिटाला किमान ४५ फेऱ्या आणि दोन वेगांमध्ये किमान १५चा फरक मागितला आहे. आपल्या जुन्या गाड्या तपासायला मीही तोच आकडा धरतो. ३८ म्हणजे यंत्रणा कुठेतरी अडखळते आहे.

काचेखालची प्लॅस्टिकची जाळी काढायला आधी आर्म उतरवावे लागतात. त्याआधी काचेवर ब्लेडच्या विसाव्याच्या जागी मास्किंग टेपची पट्टी लावली. दातेरी शाफ्टवर आर्म एक दात पुढे-मागे बसला तरी टोकाला दोन-तीन बोटांचा फरक पडतो. टोपणं काढली, नट सोडले, आणि अपेक्षेप्रमाणे आर्म जागचे हलले नाहीत. इथे स्क्रू-ड्रायव्हर घालून काचेच्या आधाराने उचकटायचा मोह होतो. दोन पायांचा छोटा पुलर लावला, गंज सोडवणारं तेल मारलं, चहा घेतला, आणि ते निघाले.

जाळीखाली गुलमोहर होता. झाडाखाली लाल सडा दिसतो तो वेगळा. गाडीचं नुकसान करतात त्या गुलमोहराच्या तांदळाएवढ्या पानोळ्या. जाळीच्या फटींतून त्या आरामात आत जातात आणि ओल्या झाल्या की एकमेकींना चिकटून घट्ट थर होतो. दोन ओंजळी काळं कुजलेलं खत निघालं. पाणी जायची दोन्ही भोकं बंद होती. दर पावसाळ्यात डाव्या बाजूच्या पायाखालचं मॅट ओलं होतं आणि गाडीत कुबट वास येतो, ही तक्रार काकांनी मला सांगितलीच नव्हती. वायपरशी तिचा काय संबंध, असं त्यांना वाटलं. पाण्याला बाहेर जायची वाट नाही, म्हणून ते पंख्याच्या हवेच्या तोंडातून आत उतरत होतं.

वायपरचे दोन्ही उभे शाफ्ट त्या खतात रुतून कोरडे पडले होते. साफ करून ग्रीस दिलं, दांड्यांच्या गोल सांध्यांनाही दिलं. परत जोडून मोजल्यावर फेऱ्या ४९ आणि ३३ भरल्या. मोटरला हात लावावा लागला नाही. डावीकडच्या सांध्यातली प्लॅस्टिकची वाटी थोडी झिजली आहे, तिथे किंचित ढिलेपणा आहे. ब्लेड खांबाला लागत नाही तोवर ती बदलायची घाई नाही, असं मी ठरवलं. माझ्या ओळखीतले दोघे यावर वाद घालतील. घालू देत.

वॉशरचा एक फवारा बंद होता, तोही बोअरच्या पाण्याच्या क्षाराने. टाचणीने मोकळा केला आणि टाकीत आरओचं पाणी भरलं. शांपूची पुडी त्यात ओतायची पद्धत आहे. एखादा थेंब ठीक, अख्ख्या पुडीने फेस होतो आणि वास मारतो.

सगळा खर्च ब्लेडसकट दोन हजारांच्या आत बसला. त्यातला मोठा भाग मजुरीचा.

पुढची देखभाल

काकांना लिहून दिलं ते एवढंच. धुळीच्या कोरड्या काचेवर वायपर फिरवायचा नाही, आधी पाणी. गाडी पुसणाऱ्याला काचेसाठी वेगळं फडकं द्यायचं, आणि डॅशबोर्डचं पॉलिश काकांनी स्वतःच्या कपाटात ठेवायचं. पंधरवड्यातून एकदा आर्म मधोमध धरून उचलायचा, रबर ओल्या कापडाने लांबीभर पुसायचं आणि कापडावर काळं येणं थांबलं की थांबायचं. पेट्रोल, रॉकेल, डिझेल रबराला लावायचं नाही, त्याने रबर फुगतं. धार कापून नवी करून देणारी छोटी अवजारं मिळतात. मी घेतली नाहीत आणि कुणाला सुचवत नाही. कारखान्यात कापलेल्या धारेची सर त्याला येत नाही.

मे आणि ऑक्टोबर या दोन्ही वेळी पुणेकर वायपरचा विचार करतात, त्यातला मे योग्य. ऑक्टोबरात लावलेलं रबर पाऊस न बघताच एप्रिल-मेचं ऊन खातं आणि जूनमध्ये कामाला येतं तेव्हा अर्धं संपलेलं असतं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात घेऊन टाकावं, कारण जूनची वाट बघण्यात आता अर्थ नाही. २०२५मध्ये मान्सून २६ मेलाच मुंबई-पुण्यात दाखल झाला आणि ‘अजून वेळ आहे’ म्हणणारे बरेच जण त्या आठवड्यात माझ्या दारात होते. उभ्या राहणाऱ्या गाडीची ब्लेड फेब्रुवारीत काढून, हुकांना फडकं गुंडाळून, गाडीतच ठेवली तरी चालतात. मेरी अँडरसन यांचा वायपरही पाऊस नसताना काढून ठेवता येत असे. मात्र वळीव सांगून येत नाही, आणि काकांना भर पावसात ब्लेड चढवायला लावणं मला पटलं नाही. त्यांनी गाडी सावलीच्या कडेला थोडी सरकवून लावायची, म्हणजे चिकटा काचेवर न पडता टपावर पडेल, यावर आमचं जमलं.

“आणि घाटात बंदच पडला तर? आमचा एसटीचा ड्रायव्हर काचेला तंबाखू चोळायचा,” काका म्हणाले.

चोळायचे. कुणी बटाटा चोळतं. थेंब न होता पाणी पसरतं आणि थोडा वेळ दिसतं, तेव्हा बाजूला थांबण्याइतपत उपाय आहे. त्यानंतर काच धुवावी लागते, नाहीतर तो आणखी एक थर. पाणी घसरवणारे तयार लेपही मिळतात. हमरस्त्यावर ते छान काम करतात, पण कमी-जास्त जाडीचा बसला की वायपर त्यावरच थडथडतो. नुकती थडथड घालवलेल्या गाडीला मी तो लावला नाही.

गाडीची पंधरा वर्षं २०२१मध्ये झाली, तेव्हा नोंदणी पाच वर्षांनी वाढवली होती. २०२६मध्ये पुन्हा आरटीओची तपासणी आहे. चालता वायपर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९च्या १०१व्या नियमानेच लागतो, आणि तपासणीला निरीक्षक तो चालवून बघतात. काकांना त्याची धास्ती होती. वायपर आणि वॉशर यांची आता नाही. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या आहेत, त्यांचं काम जानेवारीत करायचं ठरलं आहे. झिजलेली ती वाटी तेव्हा पुन्हा बघेन. ढिलेपणा वाढला असेल तर नाना पेठेतून आणून त्याच वेळी बसवता येईल, जाळी परत उघडावी लागणारच आहे. गुलमोहराच्या पानोळ्या एका पावसाळ्यात ती पुन्हा भरतात.